संगमरवर आणि क्वार्ट्झ : फरक केवळ भावाचा नव्हे

पनवेल, प्रतिनिधी – नव्या सदनिकेचा ताबा मिळाला की गृहिणीचा पहिला प्रश्न असतो तो स्वयंपाकघरातील ओट्याचा आणि गृहस्थाचा पहिला प्रश्न असतो तो खर्चाचा. या दोन प्रश्नांची गाठ पडते ती दगडाच्या दुकानात. तेथे संगमरवर, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ ही तीन नावे एका दमात उच्चारली जातात. प्रत्येकाचा चौरस फुटाचा भाव सांगितला जातो आणि ग्राहक बहुधा रंग पाहून निर्णय घेऊन मोकळा होतो. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झालेल्या पनवेलमध्ये आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या परिसरात इमारतींची संख्या वाढतच आहे. साहजिकच हा प्रसंग येथील अनेक कुटुंबांच्या वाट्याला येतो.

मात्र संगमरवर आणि क्वार्ट्झ यांतील फरक हा केवळ रंगाचा किंवा भावाचा नाही. एक आहे रूपांतरित खडक, तर दुसरे आहे सिलिकेट वर्गातील खनिज. दोघांचा जन्म वेगळा, रसायन वेगळे आणि स्वभावही वेगळा. या स्वभावभेदामुळे ओट्यावर लिंबू पिळले असता काय होईल हे ठरते. तो ओटा कापणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसात काय जाईल, हेही त्यावरूनच ठरते.

खडक वेगळा, खनिज वेगळे

प्रथम मूळ भेद लक्षात घेतला पाहिजे. खनिज म्हणजे ठरावीक रासायनिक घटना आणि अणूंची ठरावीक मांडणी असलेला नैसर्गिक पदार्थ. खडक म्हणजे एका किंवा अनेक खनिजांच्या कणांचा समुच्चय. लाडू आणि रवा यांत जे नाते, तेच ढोबळमानाने खडक आणि खनिज यांत आहे. म्हणूनच ‘संगमरवर विरुद्ध क्वार्ट्झ’ अशी तुलना करताना आपण खरे तर संगमरवराची तुलना नव्हे, तर त्यातील कॅल्साइट या खनिजाची क्वार्ट्झशी तुलना करीत असतो. संगमरवराचे बहुतेक गुणदोष हे कॅल्साइटचे गुणदोष आहेत.

खडकांचे तीन प्रमुख प्रकार शाळेत सर्वांनी शिकलेले असतात. शिलारस थिजून झालेला तो अग्निजन्य, गाळ साचून घट्ट झालेला तो स्तरित आणि यांपैकी कोणत्याही खडकावर भूगर्भातील उष्णतेचा व दाबाचा परिणाम होऊन, न वितळता, ज्याचे रूप पालटते तो रूपांतरित. खनिजांची विभागणी मात्र रसायनानुसार होते. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जोडणीवर उभी असलेली खनिजे म्हणजे सिलिकेटे. भूकवचाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग याच कुळाने व्यापलेला आहे. क्वार्ट्झमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांखेरीज तिसरे मूलद्रव्य नसल्याने काही वर्गीकरणांत त्याला ऑक्साइडांमध्ये बसवतात. परंतु अंतर्गत रचनेच्या दृष्टीने ते सिलिकेट कुळातलेच आहे.

संगमरवर : चुनखडकाचा पुनर्जन्म

‘संगमरवर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘संग’ म्हणजे दगड. या दगडाची सुरुवात होते चुनखडकापासून. उथळ समुद्राच्या तळाशी शंख-शिंपल्यांचे, सूक्ष्म जीवांच्या कवचांचे आणि पाण्यातून वेगळ्या झालेल्या कॅल्शियम कार्बोनेटचे थर साचतात व त्यांचा चुनखडक बनतो. पुढे भूकवचाच्या हालचालींत हा खडक खोल गाडला गेला, किंवा तप्त शिलारसाच्या सान्निध्यात आला, की त्यातील बारीक कण पुन्हा स्फटिकरूप घेतात. ते मोठे होतात आणि एकमेकांत घट्ट गुंततात. मूळ जीवाश्मांच्या खुणा बहुधा पुसल्या जातात आणि उरतो तो साखरेच्या खड्यासारखा दाणेदार, चमकणारा संगमरवर.

शुद्ध संगमरवर पांढरा असतो. लोहाच्या ऑक्साइडांमुळे त्याला पिवळी-तांबडी, तर ग्राफाइटमुळे राखी छटा येते. ज्या रेषांवर ग्राहक भाळतो, त्या रेषा म्हणजे मूळ चुनखडकातील माती, वाळू व इतर अशुद्धी होत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. जुन्या घरांतील शहाबादी फरशी, जिन्यावरचा कोटा आणि स्वयंपाकघरातील मांडणीचा काळा कडप्पा हे तिन्ही दगड चुनखडकच आहेत. म्हणजे आजोबांच्या घरातील शहाबादी आणि नातवाच्या दिवाणखान्यातील संगमरवर हे एकाच कुळातले. फरक इतकाच, की एकाला भूगर्भाची भट्टी लाभली नाही आणि दुसऱ्याला लाभली.

भारतात संगमरवराचे माहेरघर राजस्थान. तेथील मकराणा येथील दगड ताजमहालासाठी आणि पुढे कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलसाठी वापरला गेला. २०१५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातही संगमरवर आहे, पण तो विदर्भात. नागपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील अतिप्राचीन रूपांतरित खडकांत, देवलापारच्या परिसरात, त्याचे थर सापडतात.

क्वार्ट्झ : आपली गारगोटी

क्वार्ट्झ हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. मराठी माणूस तिला गारगोटी म्हणून ओळखतो. लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर घासून अंधारात उजेड पाडण्याचा खेळ अनेकांनी खेळला असेल. जपमाळेतील स्फटिक, जांभळा ॲमेथिस्ट, पट्टेदार अकीक ही सारी क्वार्ट्झचीच रूपे. समुद्रकिनारी व नदीकाठी आढळणाऱ्या पांढऱ्या वाळूतही बहुधा क्वार्ट्झचेच कण अधिक असतात, कारण इतर खनिजे झिजून, कुजून गेल्यावरही हे खनिज टिकून राहते.

या टिकाऊपणाचे रहस्य त्याच्या रचनेत आहे. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि ऑक्सिजनचा प्रत्येक अणू दोन सिलिकॉन अणूंना जोडतो. अशी जाळी तिन्ही दिशांनी अखंड पसरलेली असते. कोठेही दुबळा सांधा नाही. त्यामुळे क्वार्ट्झ ठरावीक पातळ्यांवर चिरत नाही. ते काचेसारखे, शिंपल्याच्या आतल्या भागाप्रमाणे वक्र तुटते. कॅल्साइटचे तसे नाही. त्याच्या अंगात तीन दिशांनी दुबळ्या पातळ्या असतात व घाव बसताच ते त्या पातळ्यांवर सरळ दुभंगते.

दाब दिला असता क्वार्ट्झमध्ये विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. याच गुणावर मनगटी घड्याळातील क्वार्ट्झचा तुकडा चालतो. तो सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो व त्यावरून घड्याळ वेळ मोजते.

पनवेलच्या डोंगरात काय आहे?

पनवेलकरांच्या अंगणात यांपैकी काय सापडते? कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगड, खारघरच्या टेकड्या आणि विमानतळासाठी फोडली गेलेली उलव्याची टेकडी यांचा दगड एकच, तो म्हणजे काळा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यांतून हा अग्निजन्य खडक झाला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश व्यापला आहे. पाटा-वरवंटा, जाते आणि जुन्या वाड्यांची जोती याच दगडाची. पनवेल-उरण पट्ट्यातील दगडखाणींतून निघणारी खडीही याचीच.

या प्रदेशात संगमरवर नाही आणि असण्याचे कारणही नाही. लाव्हा पसरल्यानंतर येथील खडक पुन्हा खोल गाडला गेलाच नाही. त्यामुळे रूपांतराला आवश्यक असलेली भट्टी त्याला मिळाली नाही. पनवेलमधील संगमरवराचा प्रत्येक तुकडा बाहेरून आलेला आहे.

क्वार्ट्झची गोष्ट निराळी. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याने या पोकळ्यांत सिलिका आणून ठेवली व तेथे गारगोटी, अकीक आणि झिओलाइट जातीची सुंदर सिलिकेट खनिजे तयार झाली. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील ‘गारगोटी’ या खनिज संग्रहालयात अशा नमुन्यांचा संग्रह पाहावयास मिळतो. पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या वाटांवर चमकणारा पांढरा खडा दिसला, तर तो बहुधा याच घराण्यातला असतो.

ओट्यावरची परीक्षा

आता स्वयंपाकघरात येऊ. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांची काठिण्यश्रेणी मांडली. तिच्यात संगजिरे १ वर, तर हिरा १० वर आहे. कॅल्साइटचे स्थान ३, क्वार्ट्झचे ७. सुरीचे पाते सुमारे साडेपाचवर येते. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. सुरी संगमरवरावर ओरखडा काढते, पण क्वार्ट्झवर नाही. चपलांबरोबर घरात येणाऱ्या धुळीतही क्वार्ट्झचे बारीक कण असतात. संगमरवरी फरशीची चकाकी दाराजवळ सर्वप्रथम जाते, त्याचे हे प्रमुख कारण होय.

दुसरी परीक्षा आम्लाची. कॅल्शियम कार्बोनेट आम्लाशी संयोग पावून विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. कोकणी स्वयंपाकघरात तर लिंबू, चिंच, कोकम आणि ताक यांचा राबता. आमसुलाचे पाणी संगमरवरावर काही काळ राहिले, तर तेथील झिलई उडून निस्तेज ठसा उमटतो. हा डाग नसतो, दगड तेवढा खाल्ला गेलेला असतो. म्हणून तो पुसून जात नाही, पुन्हा पॉलिश करावे लागते. संडास-बाथरूम स्वच्छ करण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोक्लोरिक आम्लयुक्त द्रव तर संगमरवराचे वैरीच. क्वार्ट्झवर या कशाचाही परिणाम होत नाही.

याच रसायनाची मोठी आवृत्ती म्हणजे ताजमहालाचे प्रकरण. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडपासून आम्ल बनते आणि ते संगमरवराच्या पृष्ठभागाचे जिप्सममध्ये रूपांतर करते. सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी ताज परिसरातील २९२ उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरण्याचा, अन्यथा स्थलांतर करण्याचा आदेश दिला, तो या पार्श्वभूमीवर.

तिसरी परीक्षा उष्णतेची, आणि येथे निकाल उलटा लागतो. दुकानात ‘क्वार्ट्झ’ म्हणून मिळणारी लादी म्हणजे खाणीतून कापून आणलेला दगड नव्हे. नैसर्गिक क्वार्ट्झचा चुरा सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक घेऊन त्यात प्लास्टिकच्या जातीचे रेझिन व रंग मिसळतात आणि दाबाखाली लादी तयार करतात. क्वार्ट्झ उष्णतेला दाद देत नाही, पण रेझिन देते. चुलीवरून उतरवलेला तवा थेट ठेवल्यास लादी पिवळी पडू शकते किंवा तडकू शकते. सतत उन्हातही तिचा रंग बदलतो. संगमरवर या बाबतीत अधिक सोशीक आहे.

वजनावरून मात्र या दोघांची ओळख पटत नाही. कॅल्साइटचे विशिष्ट गुरुत्व २.७१, तर क्वार्ट्झचे २.६५, म्हणजे जवळजवळ सारखेच. शंका असेल तर दुकानदाराकडून लादीचा टाकाऊ तुकडा मागून घ्यावा आणि त्यावर लिंबाचा रस काही तास ठेवून पाहावा.

नावांचा गोंधळ

बाजारातील नावे भूविज्ञान पाळत नाहीत. राजस्थानातील उदयपूर भागातून येणारा ‘हिरवा मार्बल’ हा संगमरवर नाही. तो सर्पेंटाइन या सिलिकेट खनिजाचा बनलेला खडक आहे. रूपांतरित असूनही त्यात कॅल्साइट मुख्य नसते. ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे अनेक दगड भूवैज्ञानिक अर्थाने ग्रॅनाइट नसतात. क्वार्टझाइट आणि क्वार्ट्झ ही नावे तर हमखास एकमेकांत मिसळली जातात. क्वार्टझाइट हा वालुकाश्मापासून झालेला रूपांतरित खडक आहे, पण त्याचे काठिण्य क्वार्ट्झएवढे असते.

तात्पर्य, ‘रूपांतरित म्हणजे मऊ’ आणि ‘सिलिकेट म्हणजे कठीण’ असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. क्वार्टझाइट रूपांतरित असून कठीण, तर संगजिरे सिलिकेट असून नखाने ओरखडले जाते. दगड कोणत्या खनिजाचा आहे, हाच खरा प्रश्न.

कठीण दगडाची धूळ

येथवरची तुलना वाचून स्वयंपाकघरासाठी क्वार्ट्झच श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणीही काढील. ओट्यापुरता तो बरोबरही आहे. परंतु ओटा घरात बसण्यापूर्वी तो कापला जातो, त्याच्या कडा गोल केल्या जातात, सिंकसाठी भोक पाडले जाते. हे काम अनेकदा इमारतीच्याच आवारात किंवा सदनिकेच्या बाल्कनीत, विजेच्या कटरने, कोरडेच केले जाते. तोंडाला बांधलेला रुमाल हेच कारागिराचे संरक्षण असते. त्या रुमालातून सूक्ष्म धूळ सहज आत जाते.

संगमरवराची धूळ ही मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटची असते. ती त्रासदायक असली तरी तिच्यात स्फटिकी सिलिकेचे प्रमाण बहुधा नगण्य असते. कृत्रिम क्वार्ट्झची धूळ मात्र जवळजवळ संपूर्ण स्फटिकी सिलिकाच. डोळ्यांना न दिसणारे तिचे कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीरातील भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. त्यांतून पुन्हा मोकळा झालेला कण पुढच्या पेशीला मारतो. हळूहळू फुप्फुसात व्रणासारख्या गाठी तयार होतात व श्वास अपुरा पडू लागतो. हाच सिलिकोसिस. त्यावर रोग बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढत राहू शकतो. क्षयरोगाचा धोकाही अशा रुग्णांना अधिक असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला कर्करोगकारक ठरवले.

हा केवळ परदेशातील प्रश्न नाही. गुजरातमधील खंबात येथे अकिकाचे मणी घासणारे कारागीर आणि मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार यांच्यातील सिलिकोसिस वैद्यकीय साहित्यात अनेक दशकांपासून नोंदलेला आहे. अकीक हे क्वार्ट्झ, तर पेन्सिलीचा पाटीचा दगड हा क्वार्ट्झयुक्त रूपांतरित खडक. खडकाचा वर्ग वेगळा असला तरी मारक घटक तोच. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही सिलिकोसिसची गणना, शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत केली होती.

कृत्रिम क्वार्ट्झ कापणाऱ्या कामगारांत हा रोग अल्पावधीत आणि तरुण वयात होतो, असे इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे आढळून आले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांचे उत्पादन, पुरवठा आणि कापकाम यांवर देशव्यापी बंदी घातली. असे पाऊल उचलणारा तो पहिला देश. भारतात या लाद्या तयार होतात आणि निर्यातही होतात.

एक खुलासा आवश्यक आहे. ‘सिलिकेट’ या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. पनवेलच्या बेसॉल्टमध्येही रासायनिक दृष्ट्या निम्म्याच्या आसपास सिलिका असते, पण ती बव्हंशी फेल्डस्पार व पायरोक्सीन या खनिजांत बांधलेली असते. फुप्फुसाला मुख्य धोका आहे तो मोकळ्या, स्फटिकी सिलिकेचा. अर्थात कोणतीही दगडी धूळ निरुपद्रवी नसते, हे खाणींजवळ राहणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. तसेच घरात बसवलेल्या ओट्यापासून, तो कापला वा घासला जात नाही तोवर, कुटुंबाला हा धोका नसतो. धोका आहे तो कापणाऱ्याला.

ग्राहकाच्या हाती काय?

लादी शक्यतो कारखान्यातच, पाण्याच्या धारेखाली मापात कापून घ्यावी. घरी आल्यावर केवळ बसवण्याचे काम उरावे. जागेवर कापणे अटळ असेल, तर पाणी सोडणारे किंवा धूळ ओढून घेणारे यंत्र आणि योग्य प्रतीचा श्वसन-मुखवटा यांचा आग्रह धरावा व त्याचा खर्च अंदाजपत्रकात मांडावा. खाली पडलेली धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्झ असतेच. तेव्हा हीच काळजी तेथेही हवी.

ज्यांना ओट्यावर चिंच-कोकमाची चिंता नाही, अशा जागी, म्हणजे देवघर, दिवाणखाना, खिडकीची चौकट येथे, संगमरवर उत्तम. स्वयंपाकाच्या ओट्यावर क्वार्ट्झ किंवा ग्रॅनाइट अधिक सोयीचे. निवड ज्याची त्याने करावी. मात्र क्वार्ट्झच्या ज्या काठिण्यामुळे आपला ओटा वर्षानुवर्षे नवा राहतो, त्याच खनिजाची धूळ कोणाच्या तरी श्वासात जात असते. तेव्हा भाव विचारताना, ‘कापणार कुठे आणि कसे?’ हा प्रश्नही विचारला पाहिजे.

दृष्टिक्षेपात

मूळ प्रकार : संगमरवर – रूपांतरित खडक, क्वार्ट्झ – सिलिकेट खनिज.
मुख्य घटक : संगमरवर – कॅल्शियम कार्बोनेट, क्वार्ट्झ – सिलिकॉन डायऑक्साइड.
काठिण्य : संगमरवर – सुमारे ३, क्वार्ट्झ – ७.
आम्लाचा परिणाम : संगमरवर – झिलई उडते, क्वार्ट्झ – स्वयंपाकघरातील आम्लांचा परिणाम नाही.
गरम भांडे : संगमरवर – तुलनेने सोशीक, कृत्रिम क्वार्ट्झ लादी – रेझिनमुळे जपावे लागते.
पनवेल परिसरात : संगमरवर – आढळत नाही, क्वार्ट्झ – बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटीच्या रूपाने.
कापतानाची धूळ : संगमरवर – स्फटिकी सिलिका बहुधा नगण्य, कृत्रिम क्वार्ट्झ – अत्यंत घातक, कोरडे कापू नये.